पार्श्वभूमी : बुद्धिमत्ता, विवेक आणि ‘पूर्वग्रह’ नावाचा शब्द

बुद्धिमत्तेच्या चाचणीत शब्दसंग्रह तपासला जातो, अंकमालिका पूर्ण करून घेतल्या जातात, आकृत्या फिरवून जुळवायला लावल्या जातात; पण समोर आलेला पुरावा स्वतःच्या मताविरुद्ध असेल तेव्हा माणूस तो कसा तोलतो, याविषयी तीत एकही प्रश्न नसतो. ही उणीव कोणत्याही संशोधनाचा निष्कर्ष म्हणून आलेली नाही. उपयोगात आलेली पहिली चाचणी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार झाली, ती शाळेत मागे पडणारी मुले वेळीच ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून, आणि साहजिकच शाळेला जे लागते ते तीत आले. विशेष म्हणजे, नीट निवाडा करण्याची शक्ती हाच बुद्धीचा गाभा होय, असे तिच्या कर्त्यांनी त्याच वर्षी स्पष्ट लिहून ठेवले होते. १९१२ मध्ये बुद्ध्यंकाची कल्पना मांडली गेली, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील सुमारे १७ लाख जवानांची सामूहिक चाचणी घेतली गेली, आणि मोजायला सोपे ते मोजले जाऊ लागल्यावर निवाडा मागे पडला तो पडलाच.

निवाड्याचा अभ्यास मग दुसऱ्याच वाटेने पुढे गेला. अनुभवी तज्ज्ञाच्या अंदाजापेक्षा साधे संख्याशास्त्रीय सूत्र बहुधा सरस ठरते, हे १९५४ मध्ये उपलब्ध अभ्यासांच्या आधारे दाखवले गेले. माणसाचा विवेक, म्हणजे सारासार तोलून निवाडा करण्याची शक्ती, वेळ, स्मरण आणि माहिती यांनी मर्यादित असतो, ही मांडणी त्याच दशकातली. दिलेला नियम खरा की खोटा हे तपासायला चारपैकी कोणते पत्ते उलटावेत, असे विचारणारे तर्ककोडे १९६६ चे. आज ज्याला आपण या विषयाचा मुख्य प्रवाह म्हणतो तो मात्र १९७४ च्या एका निबंधापासून धरला जातो. अनिश्चित गोष्टींचा अंदाज बांधताना माणूस काही मोजक्या ठोकताळ्यांवर विसंबतो, हे ठोकताळे एरवी उपयोगी असले तरी ठरावीक प्रसंगी ठरावीक दिशेने चुकवतात, असे त्यात म्हटले होते.

येथे शब्दाचा गुंता सुरू होतो, आणि मराठीत तो अधिकच घट्ट बसला आहे. ‘बायस’ या शब्दासाठी आपण ‘पूर्वग्रह’ वापरतो. पूर्वग्रह म्हटले की एखाद्या व्यक्तीविषयी किंवा समाजाविषयी मनात आधीच धरलेले वाईट मत, असा अर्थ मराठी वाचकाच्या मनात उभा राहतो, आणि त्याबरोबर दोषारोपही येतो. मूळ संशोधनात अभिप्रेत होता तो संख्याशास्त्रातला अर्थ. हात थरथरल्यामुळे कधी जास्त, कधी कमी तोलले गेले तर ती नुसती चूक. पण तागडीतच पासंग असेल तर शंभर वेळा तोलले तरी चूक एकाच बाजूला जाईल. या दुसऱ्या प्रकाराला ‘कल’ किंवा ‘झुकाव’ म्हणणे मला अधिक रास्त वाटते, कारण त्यात आकस नसतो आणि पुष्कळदा मतही नसते. ‘पूर्वग्रह’ हा शब्द रूढ झाल्यामुळे हे संशोधन म्हणजे माणसाच्या स्वभावावरचे आरोपपत्र आहे असा समज पसरला, आणि पुढच्या वादातली निम्मी कटुता या समजातून आली असे मी मानतो.

तागडीचे उदाहरण एका ठिकाणी मात्र अपुरे पडते. पासंग आहे हे ठरवायला प्रमाणित वजन हाताशी लागते. विचारांच्या बाबतीत ते प्रमाणित वजन कोणते? संभाव्यतेचे गणित, असे १९७४ च्या मांडणीत गृहीत धरले होते, आणि १९८३ मध्ये आलेल्या एका प्रयोगामुळे या गृहीतकावरच्या वादाला तोंड फुटले. एका ३१ वर्षांच्या, अविवाहित, स्पष्टवक्त्या, तत्त्वज्ञान शिकलेल्या, सामाजिक न्यायाविषयी आस्था असलेल्या काल्पनिक तरुणीचे वर्णन वाचायला देऊन विचारले गेले की ती बँकेत कारकून असण्याची शक्यता जास्त, की बँकेत कारकून असून शिवाय स्त्रीवादी चळवळीत कार्यरत असण्याची? सुमारे ८५ टक्के जणांनी दुसरा पर्याय निवडला. दोन्ही गोष्टी एकत्र असण्याची शक्यता त्यांपैकी एकट्या गोष्टीपेक्षा जास्त असूच शकत नाही, हा संभाव्यतेचा अगदी प्राथमिक नियम आहे.

टीकाकारांचे म्हणणे असे की, येथे वाचक चुकला नसून प्रश्न चुकला आहे. दोन पर्याय शेजारी ठेवले की पहिल्याचा अर्थ ‘कारकून आहे, पण चळवळीत नाही’ असा घेणे ही भाषेची साधी रीत आहे. शिवाय बोलताना आपण ‘शक्यता’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा ‘वर्णनाशी जुळणे’ एवढेच म्हणायचे असते. वाद पुढे डॉक्टरांच्या उदाहरणावर गेला. हजारात एकाला होणारा रोग, निरोगी माणसालाही ५ टक्के वेळा रोगी ठरवणारी तपासणी. तपासणीचा निकाल होकारार्थी आला तर रोग खरोखर असण्याची शक्यता किती? १९७८ मध्ये एका नामांकित वैद्यकीय विद्यालयातील ६० डॉक्टर व विद्यार्थ्यांना हे विचारले तेव्हा ११ जणांचेच उत्तर बरोबर आले, आणि सर्वांत जास्त वेळा मिळालेले उत्तर होते ९५ टक्के. हाच हिशेब डोकी मोजून केला तर काय होते ते पाहावे. हजार माणसांत एक रोगी, उरलेल्या ९९९ पैकी सुमारे ५० जणांचा निकाल उगाच होकारार्थी, म्हणजे ५१ मध्ये एक, जेमतेम २ टक्के. १९९६ मधील एका अभ्यासात मूळ मांडणीत १२ टक्के विद्यार्थी बरोबर होते, तर डोकी मोजण्याच्या मांडणीत ७६ टक्के.

टीकाकारांनी यावरून मानवी बुद्धी निर्दोष ठरवली, ते मला पटत नाही. मांडणी बदलल्यावर उत्तर सुधारते हे खरे, पण रुग्णाचे कागद ज्या मांडणीत हातात येतात त्याच मांडणीत डॉक्टरला निर्णय घ्यावा लागतो, आणि तेथे झालेल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. दुसरे असे की, आकडे मोजण्याच्या रूपात प्रश्न विचारल्यास चुकांचे प्रमाण घटते हे १९८३ च्या मूळ निबंधातच होते. तेथील एका प्रश्नात ते ६५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आले होते. वादाच्या भरात दोन्ही बाजूंना याचे विस्मरण झालेले दिसते.

कोंडी काही प्रमाणात फुटली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस, एका वेगळ्याच प्रश्नामुळे : बहुसंख्य काय उत्तर देतात हे पुरे झाले, वेगळे उत्तर देणारे मूठभर लोक कोण आहेत? गणिताला धरून उत्तर देणाऱ्यांचे प्रवेशपरीक्षेतले गुण सरासरीने जास्त आढळले. नियमच चुकीचा असता तर अधिक कुशाग्र माणसे त्याच्याकडे का वळली असती, हा यामागचा युक्तिवाद निर्णायक नसला तरी बळकट आहे. हा प्रश्न विचारणाऱ्या संशोधकांना पुढे मात्र अनपेक्षित गोष्ट आढळली. ६०० जणांच्या जिवावर बेतलेल्या काल्पनिक साथीचा १९८१ चा प्रयोग घ्या. ‘२०० जण नक्की वाचतील’ असे सांगितल्यावर ७२ टक्क्यांनी तो खात्रीचा उपाय निवडला. ‘४०० जण नक्की मरतील’ असे सांगितल्यावर ७८ टक्के त्याला सोडून जोखमीच्या उपायाकडे गेले. दोन्ही रूपे एकाच माणसाला दाखवली तर हुशार माणूस विसंगती टाळण्याकडे झुकतो. एकच रूप दाखवले तर हुशार आणि सामान्य यांच्यात जवळपास फरक उरत नाही. बुद्धी मदतीला येते, पण आता तिची गरज आहे हे आधी कळावे लागते, आणि ते कळणे बुद्ध्यंकात धरलेले नसते.

 येथे एवढे नोंदवायला हवे की, जुने प्रयोग पुन्हा करून पाहण्याच्या, २०१० च्या दशकात सुरू झालेल्या मोहिमेत नकळत दिलेल्या सूचनांचे वर्तनावर परिणाम दाखवणारे काही गाजलेले प्रयोग टिकले नाहीत; अंदाज बांधताना आधी कानावर आलेल्या आकड्याकडे ओढले जाणे आणि मांडणीनुसार निवड बदलणे हे दोन कल मात्र अनेक प्रयोगशाळांत पुन्हा दिसले.

विवेकाची स्वतंत्र, सर्वांगीण चाचणी २०१६ मध्ये पुस्तकरूपाने मांडली गेली. तिच्यातील बहुतेक भागांचा बुद्धिमत्तेशी मध्यम स्वरूपाचा संबंध आढळतो. ज्या कलाचा संबंध सर्वांत क्षीण आहे तो आपल्या बाजूचा, म्हणजे पुरावा स्वतःच्या मताला किंवा गटाला सोयीचा होईल असा तोलण्याचा, आणि त्याविषयीचा एक प्रयोग असा आहे. अपघातात समोरच्या गाडीतील माणसांच्या जिवाला आठपट धोकादायक ठरणाऱ्या एका जर्मन मोटारीच्या विक्रीवर अमेरिकेत बंदी घालावी का, असे अमेरिकी विद्यार्थ्यांना विचारले तेव्हा सुमारे ७८ टक्क्यांनी होकार दिला. दुसऱ्या गटाला तेवढ्याच धोकादायक अमेरिकी मोटारीवर जर्मनीने बंदी घालावी का, असे विचारले. तेथे होकार सुमारे ५१ टक्क्यांचा होता. प्रवेशपरीक्षेत जास्त गुण मिळवलेले आणि कमी गुण मिळवलेले असे दोन भाग पाडून पाहिले, तेव्हाही ही तफावत दोन्हींत सारखीच निघाली.