खडकातील नैसर्गिक भेगा आणि भूऔष्णिक ऊर्जा

भूगर्भात खोल गेले की खडक तापलेला मिळतोच. ती उष्णता, म्हणजेच भूऔष्णिक ऊर्जा, वर आणायला पाणी लागते आणि पाण्याला वाट लागते. ग्रॅनाइटसारख्या घट्ट खडकाच्या कणांमधून पाणी जवळजवळ झिरपत नाही. ते फिरते सांधे, भेगा आणि प्रस्तरभंगांमधून (जिथे खडक तुटून सरकलेला असतो). आपल्याकडे कातळात बोअर घेताना पाणी ‘लागते’ तेही फट सापडली तरच.

हे उमजायला वेळ लागला. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेने न्यू मेक्सिकोतील फेंटन हिल येथे उष्ण, कोरड्या खडकातून ऊर्जा काढण्याचा प्रयोग सुरू केला. दाबाच्या पाण्याने खडक फोडून तबकडीसारखी नवी भेग करायची आणि दोन विहिरी तिने जोडायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात खनिजांनी बुजलेल्या जुन्याच भेगा उघडल्या आणि भलत्या दिशेला पसरल्या. दुसऱ्या टप्प्यात आधी खोदून ठेवलेल्या विहिरी जुळेनात. एक वळवून पुन्हा खोदावी लागली.

पाण्याचा दाब वाढला की भेगेच्या दोन भिंतींना आवळून धरणारा ताण सैल होतो आणि त्या एकमेकींवरून किंचित घसरतात. खडबडीत पृष्ठभाग पुन्हा तंतोतंत बसत नाहीत, म्हणून दाब काढल्यावरही फट थोडी उघडी राहते. कोणती भेग घसरेल हे भूकवचातील ताणाच्या दिशेवर ठरते. मात्र एकच रुंद भेग सगळे पाणी ओढू लागली, तर ते पुरेसे तापण्याआधीच बाहेर येते आणि भोवतालचा खडक लवकर थंडावतो.

फ्रान्समधील सुल्त्स-सू-फोरे येथे १९८७ पासून या भेगांचा बारकाईने अभ्यास झाला. तिथल्या विहिरी सुमारे ५ किलोमीटर खोल असून तळाशी तापमान २०० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. तिथे भेगांमध्ये मुळातच खारे गरम पाणी होते. म्हणजे खडक ‘कोरडा’ नव्हताच.

दाबाच्या पाण्याने भेगेच्या भिंती घसरणे म्हणजे छोटा भूकंपच. डिसेंबर २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराखाली भूऔष्णिक प्रकल्पासाठी दाबाने पाणी सोडल्यावर ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि पुढे प्रकल्प गुंडाळला गेला. दक्षिण कोरियातील पोहांग येथे २०१७ मध्ये ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये त्याचा संबंध तिथल्या भूऔष्णिक प्रकल्पाशी जोडला.

कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत असलेले गरम पाण्याचे झरेही भेगांचेच देणे आहे. पावसाचे पाणी त्यांतून खोल मुरते, तापते आणि वर येते. या पाण्यावर अजून वीजनिर्मिती होत नाही. कुंडांत स्नान मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.