खुब्यातली धूळ

खुबा बदलायचं ठरलं की घरातलं कुणी ना कुणी विचारतंच, "डॉक्टर, किती वर्षं चालेल?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "पंधरा-वीस तरी." उत्तर खोटं नाही, पण ते नक्की कुठल्या खुब्याबद्दल आहे हे सहसा कुणी विचारत नाही.

आजच्या कृत्रिम खुब्याची सुरुवात इंग्लंडातल्या लँकशायरची, राइटिंग्टन रुग्णालयातली. तिथले सर्जन जॉन चार्नली यांनी मांडीच्या हाडात धातूचा दांडा आणि त्यावर छोटा गोळा बसवला. तो फिरायला टेफ्लॉनची वाटी दिली, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. सुमारे ३०० रुग्ण दुखणं विसरून चालू लागले आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून गेल्या. झिजलेल्या भुकटीने आजूबाजूचं हाड आणि मांस बिघडवलं ते वेगळंच. ही भुकटी शरीरात काय करते हे पाहायला चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्याच मांडीत घालून घेतलं! तिथे गाठी आल्या.

मे १९६२ मध्ये एक विक्रेता रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्याच प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. कापड गिरण्यांमधल्या मागांची दातेरी चाकं त्याची बनत. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिलं आणि नाद सोडला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी गेल्याची संधी साधून तुकडा घासण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं, तेवढंही हे प्लास्टिक तीन आठवड्यांत झिजलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ते माणसांच्या खुब्यात बसू लागलं. हेच ते पॉलिइथिलीन.

झिजायचं मात्र तेही. वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर. ऐकायला हे काहीच नाही, पण हिशेब करून बघा. २८ मिलिमीटर व्यासाचा गोळा वाटीत वर्षाला एवढा रुतला, तर सुमारे ६० घन मिलिमीटर प्लास्टिक खरवडलं जातं, म्हणजे तांदळाचे तीन-चार दाणे. तेही दाण्याच्या रूपात नाही. एक पाऊल टाकताना खुब्यावर वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो आणि वर्षाला अशी दहा लाखांच्या आसपास पावलं पडतात. प्रत्येक पावलागणिक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, बारीक कण सुटतात. जात्यातून पीठ पडावं तसे, फक्त हे पीठ बाहेर पडायला वाट नाही.

मग शरीरातल्या भक्षक पेशी ते कण गिळतात. जंतू असता तर पचवला असता, प्लास्टिक कसं पचणार? चिडलेल्या या पेशी रासायनिक हाकाटी करतात आणि ती ऐकून हाड पोखरणाऱ्या पेशी कामाला लागतात. जात्याचा खुंटा सैल व्हावा तसा दांडा किंवा वाटी हळूहळू सैल होते. म्हणजे कृत्रिम खुबा सहसा मोडत नाही, त्याच्या भोवतीचं हाडच पाय काढून घेतं. सुरुवातीला दुखत नाही, एक्स-रेमध्ये तेवढं दिसतं. "मला काही त्रास नाही" म्हणून तपासणी टाळणारे इथेच फसतात.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस यावर तोड निघाली. किरणोत्साराचा मारा करून पॉलिइथिलीनच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतवल्या आणि झीज कित्येक पटींनी घटली. तरुण रुग्णांसाठी सिरॅमिकचे गोळेही वापरतात.

पण नवं ते टिकाऊ असं समीकरण नाही. 'एएसआर' हा धातूवर धातू फिरणारा खुबा मोठ्या गाजावाजाने बाजारात आला. प्लास्टिकच नाही म्हटल्यावर झीज कसली? झीज झालीच. कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात उतरले, भोवतालच्या ऊती मेल्या. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. भारतात तो हजारो लोकांना बसवला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत गुन्हा नोंदवला. यातले बरेच रुग्ण पुढे सापडलेच नाहीत. कुठला खुबा बसवला हे सांगणारं फाइलमधलं इम्प्लांटचं स्टिकर जपून ठेवा असं मी भेटेल त्याला सांगतो ते यामुळे.

या खुब्यात गडबड आहे हे कळायला नोंदवह्या उपयोगी पडल्या. स्वीडनने १९७९ पासून बसवलेल्या खुब्यांची देशभर नोंद ठेवायला सुरुवात केली, मग फिनलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या दोन लाखांहून अधिक खुब्यांचा हिशेब २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: १५ वर्षांनी ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के आणि २५ वर्षांनी ५८ टक्के खुबे जागेवर. इथे 'टिकला' म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली नाही, एवढंच. वयानेही फरक पडतो. ब्रिटनमधल्या नोंदींनुसार सत्तरीनंतर खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलला तर आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. पन्नाशीत पाऊल टाकलेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. ते जास्त जगतात आणि जास्त चालतात.

आता सुरुवातीच्या उत्तराकडे येऊ. २५ वर्षांचा आकडा येतो तो २५ वर्षांपूर्वी बसवलेल्या खुब्याचा, म्हणजे बहुतांशी जुन्या प्लास्टिकचा. उद्या तुमच्या आईला बसेल तो बहुधा याहून बरा निघेल. पण नक्की किती, हे ती आणि तिच्याबरोबरचे हजारो जण चालून दाखवतील तेव्हाच मोजता येईल.

चार्नलींना हे फार आधी उमगलं होतं. शस्त्रक्रियेच्या वेळीच ते रुग्णांना विचारत, मरणानंतर हा खुबा परत द्याल का? कितीतरी जणांनी दिला.