गाण्यांना कुलूप कधी लागलं?

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगावात आमच्या गल्लीत झोक्याच्या दोरांबरोबर गाणीही शोधली जातात. यंदा शेजारच्या काकूंनी एक जुनी हार्ड डिस्क आणून दिली. आत तीन ढीग होते: माहेरच्या बायकांनी म्हटलेली, कॅसेटवरून उतरवलेली गौराईची गाणी; चौदा अहिराणी सीडींवरून काकांनी संगणकात घेतलेली; आणि बाजारात मेमरी कार्ड भरून घेतलं त्यातली हिंदी. पहिला आणि तिसरा ढीग सुरळीत वाजला. मधला मात्र हूं की चूं करेना.

‘बठ्ठा गाना गयात का?’ सगळी गाणी गेली का, असं काकूंनी विचारलं.

गेली नव्हती. फाइली जागच्या जागी होत्या, आकारही भरलेला. एकीवर राइट क्लिक करून तपशील उघडला तर ‘प्रोटेक्टेड’समोर ‘यस’, म्हणजे परवान्याशिवाय गाणं वाजू न देणारं डिजिटल कुलूप. म्हणजे दुकानात पैसे मोजून घेतलेल्या सीडींना कुलूप, आणि वीस रुपयांत भरलेलं कार्ड मोकळं! ही उलटी तऱ्हा कशी झाली, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

कॅसेटच्या काळात कुलपाची गरजच नव्हती. दोन कप्प्यांच्या टेपवर कॉपी करा, तिची पुन्हा कॉपी करा, तिसऱ्या पिढीला गाण्यापेक्षा सूं-सूंच जास्त. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तिलाही कुलूप नव्हतं, कारण घरोघरी सीडीची कॉपी होईल हे तेव्हा कोणाच्या मनातही नसावं. पुढे घरच्या संगणकातच सीडी वाचायची सोय झाली, एमपीथ्रीने गाण्याचा आकार दहा-अकरा पटींनी आटवला आणि १९९९ मध्ये इंटरनेटवरून एकमेकांना गाणी फुकट देण्याघेण्याचं नॅपस्टर आलं. आता हजारावी कॉपीही पहिलीइतकीच स्वच्छ. संगीत कंपन्यांची झोप उडाली. कायद्याची तयारी मात्र त्याआधीच झाली होती: १९९६ चे वायपोचे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे) करार, आणि कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरवणारा अमेरिकेचा १९९८ चा कायदा.

काकांच्या ढिगाचं मूळ याच काळात आहे. विंडोज एक्सपीच्या जमान्यात सीडी संगणकात घेतली की गाणी सहसा डब्ल्यूएमए या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या स्वरूपात साठत. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये एमपीथ्री बनवायची सोय २००४ च्या दहाव्या आवृत्तीत आली. पर्यायांच्या खिडकीत ‘कॉपी प्रोटेक्ट म्युझिक’ असा एक चौकोन असे. त्यात खूण असली की प्रत्येक गाण्याला परवाना, म्हणजे कुलपाची किल्ली, जोडला जाई, आणि तो त्याच संगणकापुरता. परवान्यांची वेगळी प्रत काढून ठेवता येत असे, पण ते घरात कोणाला माहीत? आपल्याकडे संगणक जरा रेंगाळला की ‘फॉरमॅट मार’ हा एकच उपाय. गाणी दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवली आणि किल्ल्या पुसल्या गेल्या.

सीडीलाच कुलूप घालायचा खटाटोपही झाला. सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या ५२ अल्बममध्ये सीडी घालताच विंडोजमध्ये लपून बसणारा प्रोग्राम होता. संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये तो उघडकीस आणला आणि पुढच्याच महिन्यात सीड्या परत मागवाव्या लागल्या.

विकत मिळणाऱ्या फाइलींची कथा वेगळी. ॲपलचं आयट्यून्स दुकान २८ एप्रिल २००३ रोजी उघडलं. गाणं ९९ सेंटला, पण फेअरप्ले या ॲपलच्या कुलपात. त्या फाइलींच्या नावाशेवटी ‘एमफोरपी’ असतं. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये ‘प्लेज फॉर शुअर’, म्हणजे नक्की वाजणार, असं बोधचिन्ह दुकानांसाठी आणि प्लेअरसाठी काढलं आणि दोन वर्षांनी स्वतःच्याच झून प्लेअरवर त्या दुकानांतली गाणी वाजेनात. यावर वेगळा विनोद करायची गरज नाही. २००८ मध्ये त्यांनी एमएसएन म्युझिक या आपल्या गाण्यांच्या दुकानाच्या किल्ल्या देणं थांबवायचं जाहीर केलं. गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर मुदत वाढवली.

कुलूप निघालं तेही पटकन. फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी कुलूप काढा असं संगीत कंपन्यांना जाहीर पत्र लिहिलं, त्याच वर्षी त्यांतली ईएमआय तयार झाली आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलने सगळंच संगीत मोकळं करत असल्याची घोषणा केली. आयट्यून्सचं दुकान भारतात आलं डिसेंबर २०१२ मध्ये, त्यामुळे त्या दुकानातून इथे विकत घेतलेल्या गाण्यांना कुलूप लागलंच नाही. तरीही खानदेशातल्या एखाद्या डिस्कवर ‘एमफोरपी’ सापडलीच, तर ती परदेशातल्या नातलगाने दिलेली किंवा ॲपल म्युझिकच्या वर्गणीतून उतरवलेली असण्याचा संभव जास्त. नावाशेवटी ‘एमफोरए’ असेल तर सहसा मोकळी, पण विकत घेतलेल्या फाइलीत घेणाऱ्याचं नाव नोंदलेलं असतं. दुसऱ्याला देताना हे ध्यानात असू द्या. एमपीथ्रीची चिंता नको.

वर्गणीच्या ॲपमधल्या ‘डाउनलोड’ला मात्र आपला संग्रह समजू नये. ती गाणी फोनवर असतात, पण वर्गणी थकली की गप्प. २००५ सालचं कुलूप तिथे आजही आहे, फक्त कोणाला खुपत नाही.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘हेतूने’ हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. स्वतःच्या सीडीवरचं गाणं स्वतःसाठी ऐकणारा आणि विकायला बसणारा यांत कायदा फरक करतो.

तरी काकूंच्या बाबतीत मी कुलपाशी झटापट केली नाही. सीडी पुन्हा संगणकात घालणं सोपं, या वेळी फ्लॅक या आवाज न घटवणाऱ्या, बिनकुलपाच्या स्वरूपात. लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, चौदांपैकी अकरा सापडल्या. उरलेल्या तीन लेक सुरतला घेऊन गेली आहे. आखाजीला माहेरी येईल तेव्हा आणते म्हणाली.