ॲडेल्फी धक्क्याचे प्रवेशद्वार

ॲडेल्फी धक्क्याचे प्रवेशद्वार : फ्रेंच स्वच्छंदतावादी चित्रकार तेओदोर जेरिको (१७९१–१८२४) याचे शिळाछाप चित्र. लंडनच्या रॉडवेल आणि मार्टिन या प्रकाशकांनी १८२१ साली काढलेल्या त्याच्या चित्रसंचात ते आहे. छपाई चार्ल्स हलमँडेल याची.

चित्रातली जागा खरी आहे. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यापासून टेम्स नदीकडे जमीन चांगलीच उतरते. अठराव्या शतकात ॲडम बंधूंनी या उतारावर उंच कमानी बांधल्या आणि त्यांच्या माथ्यावर ॲडेल्फी ही घरांची देखणी रांग उभारली. वर उच्चभ्रूंची वस्ती, खाली कमानींच्या पोटातून धक्क्याला जाणारी काळोखी गाडीवाट. समुद्रमार्गे आलेला दगडी कोळसा नदीकाठी उतरे आणि घोड्यांच्या बळावर चढ चढून शहरात पोचे. लंडनची थंडी याच कोळशावर निभत असे.

जेरिकोने नदी दाखवलेली नाही, कोळशाचा ढीगही नाही. अवजड ओझ्याचे घोडे आणि त्यांचे गाडीवान कमानीच्या तोंडाशी पोचले आहेत, तेही पाठमोरे. नजरेत भरतात ते घोड्यांचे रुंद पुठ्ठे. चेहरे दिसत नसल्याने माणसाचे आणि जनावराचे कष्ट एकाच मापाने मोजले जातात, आणि हेच या चित्राचे मोठेपण आहे. याच चित्रकाराने १८१२ साली उधळत्या घोड्यावरचा नेपोलियनच्या फौजेतला अधिकारी रंगवून नाव मिळवले होते. नऊ वर्षांनी त्याचा घोडा रणांगण सोडून कोळशाला जुंपला गेला.

कमानीतला काळोख माध्यमामुळे साधला आहे. शिळाछापात चुनखडीच्या घासलेल्या दगडावर तेलकट खडूने थेट चित्र काढतात. दगड ओला केला की कोऱ्या भागावर पाणी धरते, शाई मात्र फक्त तेलकट रेघांना चिकटते. त्यामुळे खडूचा रवाळ स्पर्श कागदावर जसाच्या तसा उमटतो आणि करड्यापासून गडद काळ्यापर्यंतच्या छटा मिळतात. आलोइस सेनेफेल्डरने हे तंत्र अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधले. म्हणजे जेरिकोच्या हाती आले तेव्हा ते नवेच होते.

लंडनहून पॅरिसला परतल्यावरही जेरिकोने कष्टकरी घोड्यांचा विषय सोडला नाही. गिलाव्याच्या प्लास्टरसाठी जिप्सम हे खनिज भाजणाऱ्या भट्टीचे आणि तिथल्या घोड्यांचे त्याचे तैलचित्र लूव्र संग्रहालयात आहे.