लिनक्सवाल्यांचा प्रोग्रॅमर: पॅरलल पोर्टपासून पिकोपर्यंत

बेळगावात मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) शिकणारी पोरं विचारतात, लॅपटॉपवर लिनक्स आहे तर प्रोग्रॅमर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं यंत्र, कुठला घेऊ, आणि प्रश्न रास्तच आहे, कारण पुण्याच्या बुधवार पेठेतनं नाहीतर बंगळूरच्या एसपी रोडवरनं आणलेली वस्तू चालली नाही तर परत द्यायला कोण जाणार?

व्हीटीयूच्या, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या, सिलॅबसमध्ये ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर कितीतरी वर्षं ठाण मांडून होता, हा चिप इंटेलनं १९८० मध्ये काढलेला, लॅबमध्ये त्याचे प्रोग्रॅम लिहायला कील हे सॉफ्टवेअर आणि कील म्हणजे विंडोज, मग लिनक्सवाल्यानं आपलं आपण बघायचं. तेव्हा स्वस्तातला उपाय पॅरलल पोर्ट, जुन्या कॉम्प्युटरचा प्रिंटर लावायचा पोर्ट. पंचवीस पिनांच्या कनेक्टरच्या टोपीतच ७४एचसी२४४ बफर (सिग्नल सांभाळून पुढं देणारा चिप) बसवायचा, तिथनं एमओएसआय (चिपकडं जाणारा डेटा), एमआयएसओ (चिपकडनं येणारा डेटा), एससीके (त्याला ताल देणारा क्लॉक), रीसेट आणि ग्राउंडच्या वायरी चिपला, झाला प्रोग्रॅमर! ८०५१च्या घराण्यातला एटी८९एस५२ चिप पण चालायचा, एव्हीआर घराण्यातले चिप पण. पोर्टच्या पिना सॉफ्टवेअर थेट हलवायचं, मध्ये कुठल्या कंपनीचा ड्रायव्हर लागायचा नाही, म्हणून लिनक्सवर काही अडायचं नाही. ब्रायन डीननं फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या सिस्टीमसाठी लिहिलेलं एव्हीआरड्यूड हे सॉफ्टवेअर याच कामाचं, एव्हीआरमध्ये प्रोग्रॅम भरायचं.

पुढं लॅपटॉपवरनं तो पोर्टच गेला, आणि यूएसबीची प्रिंटर केबल लावून भागत नाही, ती फक्त प्रिंटरशी बोलते, एकेक पिन हलवू देत नाही. तिथं थॉमस फिशलचा यूएसबीएएसपी हा यूएसबीचा प्रोग्रॅमर कामाला आला, एक एटमेगा८ (एव्हीआरचाच चिप) आणि थोडे सुटे पार्ट, सर्किट आणि फर्मवेअर (त्या चिपमधला प्रोग्रॅम) दोन्ही खुलं, म्हणूनच आज त्याच्या स्वस्त नकला मिळतात. नकलेत फर्मवेअर जुनं असलं तर एव्हीआरड्यूड एससीके पीरियड (त्या क्लॉकचा वेग) सेट होत नाही अशी वॉर्निंग देतं, आणि कोरा एटमेगा३२८पी चिप १ मेगाहर्ट्झवरच चालत असतो, त्याला वेग झेपत नाही, तेव्हा बोर्डावरचा स्लो एससीकेचा जम्पर लावायचा की काम होतं.

पिक हे मायक्रोचिप कंपनीचे चिप वापरणाऱ्यांचं पण असंच, त्यांच्या पिककिट २ या प्रोग्रॅमरचा सोर्स मायक्रोचिपनं दिला होता म्हणून त्याचं कमांड लाइन टूल लिनक्सवर कंपाइल करता यायचं, पिककिट ३ ला मात्र एमपीलॅब एक्ससारखा जड आयडीई (प्रोग्रॅम लिहायचं सगळं एकत्र असलेलं सॉफ्टवेअर) घ्यावा लागला.

एआरएम प्रकारच्या चिपांकडं डोमिनिक राथनं २००५ मध्ये डिप्लोमाच्या प्रबंधासाठी ओपनओसीडी हे प्रोग्रॅम भरायचं आणि त्यातल्या चुका शोधायचं सॉफ्टवेअर सुरू केलं. एसटी कंपनीच्या एसटी-लिंक या प्रोग्रॅमरची पहिली आवृत्ती लिनक्सवर पेनड्राइव्हसारखी वागून फार छळायची, व्ही२ नीट चालते. त्यानंतर एआरएम कंपनीनं सीएमसिस-डॅप हा कॉम्प्युटर आणि प्रोब (चिपला जोडायचं प्रोग्रॅमरसारखं यंत्र) यांच्यातला खुला प्रोटोकॉल दिला आणि २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर डीबगप्रोब फर्मवेअर टाकलं की तोच प्रोब होतो, ओपनओसीडी त्याला लगेच ओळखतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, घेण्याआधी त्या प्रोग्रॅमरचं नाव एव्हीआरड्यूड नाहीतर ओपनओसीडीच्या यादीत आहे का बघा, दुकानदार काय सांगतो ते नंतर. आणि परमिशनचा एरर आला तर दरवेळी सुडो (अॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) मारत बसू नका, यूडेव्हचा, म्हणजे कुठलं यंत्र कुणाला वापरू द्यायचं ते ठरवणारा, रूल एकदाच टाका.