पंजाची सूज आणि झाडांचे अर्क: ही टेस्ट आली कुठून?

एखाद्या झाडाचा अर्क सूज उतरवतो का हे तपासणारे पेपर चाळायला घेतले की रॅटच्या मागच्या पायाच्या तळव्यात कॅराजीनन नावाचं सूज आणणारं द्रव्य टोचलं, पंजा सुजला, मग अर्क दिलेल्या आणि न दिलेल्या गटातली सूज मोजली, हेच पुन्हापुन्हा समोर येतं. मला कायम प्रश्न पडायचा की हीच टेस्ट का?

सुरुवात झाडापासूनच आहे खरं तर. 1763 मध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लिश पाद्र्याने विलोच्या सालीने ताप उतरतो असं रॉयल सोसायटीला कळवलं, 1828 ला सालीतून सॅलिसिन हा घटक वेगळा काढला गेला, 1897 ला जर्मनीच्या बायर कंपनीच्या लॅबमध्ये ॲस्पिरिन तयार झालं. पण ॲस्पिरिन शरीरात नेमकं करतं काय हे पुढची सत्तरेक वर्षं कुणालाच माहीत नव्हतं.

मग 1949 च्या आसपास कॉर्टिसोन आणि फिनाइलब्युटाझोन ही सूज उतरवणारी औषधं आली आणि औषध कंपन्या सूज उतरवणाऱ्या नव्या रसायनांच्या मागे लागल्या. ढिगाने रसायनं तपासायची म्हणजे टेस्ट झटपट हवी ना. आधी अंड्याचा पांढरा बलक नाहीतर डेक्स्ट्रान (साखरेच्या कणांची लांब साखळी) टोचून पंजा सुजवायचे, पण ती सूज मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिन या शरीरातल्याच रसायनांमुळे येते, त्यामुळे ॲस्पिरिनसारखी औषधं तिथे नीट पकडली जायची नाहीत. 1962 मध्ये मर्क कंपनीतल्या चार्ल्स विंटर आणि सहकाऱ्यांनी लाल समुद्री शेवाळातून मिळणारं कॅराजीनन वापरलं, 1 टक्क्याचं द्रावण, अगदी थोडंसं, आणि तीन तासांनी पंजाचं आकारमान मोजायचं. त्याच गटातून इंडोमेथासिन हे सूज उतरवणारं औषध बाहेर आलं, जे आजही बऱ्याच पेपरमध्ये तुलनेसाठी दिलं जातं.

1971 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन शरीरात सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनणंच रोखतं (1982 चं नोबेल त्यासाठीच), आणि कॅराजीननची सूज टप्प्याटप्प्याने येते, तीन तासांच्या सुमाराची सूज मुख्यतः प्रोस्टाग्लँडिनची, हेही त्याच सुमारास कळलं. म्हणजे ही टेस्ट ॲस्पिरिनच्या जातीची औषधं शोधायलाच घडलेली आहे! झाडांचे अर्क तिच्यात नंतर आले. हळदीतलं कर्क्युमिन 1973 मध्ये लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेतल्या श्रीमल आणि धवन यांनी तपासलं, सूज उतरली, पण तोंडावाटे घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फार कमी पोचतं ही अडचण पंजाची सूज मोजून कशी कळणार?

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अर्क पोटाच्या पोकळीत टोचला आणि तो स्वतःच तिथे जळजळ करणारा असला, तर त्या त्रासामुळेच पंजाची सूज कमी दिसते आणि अर्क गुणकारी ठरतो, म्हणून अर्क कुठल्या मार्गाने दिला हे आधी बघावं. जुनाट सुजेसाठी कापसाची गोळी कातडीखाली ठेवायची पद्धत आहे, फ्रॉइंड ॲडज्युव्हंट (प्रतिकारशक्ती चेतवणारं मिश्रण) टोचून संधिवात आणायची पण आहे, पण त्यांना आठवडे लागतात आणि पंजाचं काम एका दिवसात होतं, म्हणून तोच टिकला.

आणि तो पंजा दुखतो, हे विसरून चालणार नाही. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्येच, म्हणजे ही टेस्ट यायच्याही आधी, प्राणी कमी वापरा, त्यांचा त्रास कमी करा, जमेल तिथे प्राण्यांऐवजी दुसरी पद्धत शोधा असं मांडलं होतं. प्राणी किती घेतले, गट कसे पाडले, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, हे पेपरमध्ये लिहा असं सांगणारी अराइव्ह नियमावली मात्र 2010 मध्ये आली.