सोनेगाव ते सांताक्रूझ: अंतर ठरलेलं, वेळ वाऱ्यावर

हिवाळ्यात मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाहून निघालेलं विमान नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पटकन पोचतं आणि परतताना रेंगाळल्यासारखं वाटतं. तो भास नाही. अंतर मात्र दोन्ही वेळा तेवढंच असतं, सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर भरतं, समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे.

हे ६८० किलोमीटर म्हणजे चेंडूवर दोन टिंबांमध्ये ताणून धरलेला दोरा. पृथ्वी गोल असल्याने ती रेघ नसते, कमान असते, आणि ती मोजायची तर पृथ्वीचा आकार नेमका माहीत हवा. त्यासाठी आयुष्य घालवलेला एक माणूस आपल्या नागपूरच्या शेजारीच विसावला आहे. इंग्रज सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ जमिनीची मोजणी सुरू केली. साखळ्या आणि कोन मोजायचं अवजड यंत्र, थिओडोलाइट, घेऊन तो वर्षानुवर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. अंतरं मोजण्यासाठी उभारलेला नागपुरातला झिरो माइलचा दगड दाखवायला पाहुण्यांना आपण हौसेने नेतो, पण हिंगणघाटच्या त्या कबरीपाशी फारसं कुणी थांबत नाही, याचं मला वाईट वाटतं. अशा मोजण्यांतूनच कळतं की अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. त्याचा साठावा भाग म्हणजे वैमानिकांचा नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर.

आता वेळ. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ६८० किलोमीटरला ५१ मिनिटं पुरावीत, पण वेळापत्रकात साधारण दीड तास दिसतो. कारण घड्याळ विमान जागेवरून हललं की सुरू होतं आणि पुन्हा जागेवर उभं राहिलं की थांबतं. चढण, उतरण, धावपट्टीपर्यंतची चाल, सगळं त्यात आलं. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. आकाशात रांग लागते.

आणि वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात पश्चिमेकडून जोरदार वारा वाहतो. समजा तो ताशी १०० किलोमीटरचा आहे. मग जमिनीच्या हिशोबाने विमान नागपूरकडे ताशी ९०० ने येतं आणि मुंबईकडे ७०० ने जातं. मधल्या ४५० किलोमीटरच्या सपाट उड्डाणाला येताना ३० मिनिटं लागतात, जाताना साडेअडतीस. वाटेल की जाऊन-येऊन फिटंफाट झाली. तसं होत नाही! वारा नसता तर दोन्ही मिळून साडेसदुसष्ट मिनिटं लागली असती, इथे साडेअडुसष्ट होतात. वाऱ्याविरुद्ध विमान जास्त वेळ असतं, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा.

पावसाळ्यात चित्र उलटतं. तिबेटचं पठार तापतं, त्यावरची हवाही तापते, आणि भारतावर उंच आकाशात पूर्वेकडून वारा वाहू लागतो. आपल्याच हवामानशास्त्रज्ञांपैकी पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या पूर्वीय झोतवाऱ्याचं वर्णन केलं. त्याचा मुख्य जोर नागपूरच्या दक्षिणेला असतो, इथे तो हलका लागतो. तरी जुलैत पाठीवर वारा घेऊन उडतं ते मुंबईला जाणारं विमान.